तटाबाहेरचे शहर

एखाद्या शहराचा इतिहास लिहावयास घेतला, की लेखणी बहुधा वेशीतून आत शिरते आणि आतच रमते. वाडे, दरवाजे, देवळे, मशिदी, पेठा आणि चौक ही कोणी बांधली, कोणत्या लढाईत ती पडली, कोणत्या राजाने ती पुन्हा उभारली, या हकिगतींनी पाने भरून जातात. पण त्या पेठेत मिठाची गोणी कोणत्या वाटेने आली, वाड्यातल्या कारंज्याला पाणी कोठून मिळाले, राजधानीतल्या हजारो तोंडांना पुरणारी ज्वारी कोणत्या परगण्यातून आली, हे प्रश्न मात्र तळटिपेत ढकलले जातात. वस्तुतः शहराचे भवितव्य याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आले आहे. तट शहराचे रक्षण करतो हे खरे. पण त्याला जगवतो तो तटाबाहेरचा मुलूख. हा मुलूख आणि त्यावर माणसाने उभारलेल्या वाटा, बंधारे, नहरी व घाट यांचा विचार केल्याखेरीज शहर का वाढले आणि का ओसरले, याचा उलगडा होत नाही.

दगडाने घातलेल्या अटी

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा विचार दगडापासूनच सुरू करावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्हाचे थरावर थर साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पश्चिमेकडे हे पठार एकाएकी तुटते. कोकणातून वर पाहणाऱ्याला सह्याद्री म्हणून दिसते ती या तुटलेल्या पठाराची कड होय. अरबी समुद्रावरून येणारा पाऊस या कडेवर आपला भार रिकामा करतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून फार दूर नसलेल्या पुण्याच्या वाट्याला त्यातला जेमतेम सातशेच्या आसपास येतो.

या रचनेने पठारावरच्या शहरांना दोन अटी घातल्या. पहिली अट वाटेची. कोकणचे मीठ, सुकी मासळी आणि नारळ देशावर यावयाचे, अथवा देशावरचा कापूस, गूळ आणि धान्य बंदरात उतरावयाचे, तर या उभ्या भिंतीतील मोजक्या खिंडींवाचून दुसरा मार्ग नव्हता. दुसरी अट पाण्याची. पठारावरच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळवंटातून त्यांची धार शोधावी लागते. मात्र दगडाच्या थरांतच एक सोयही दडलेली आहे. सच्छिद्र, कुजलेल्या मुरमाच्या थरातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट काळ्या पाषाणावर येऊन थांबते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. ज्यांनी या दोन अटी ओळखल्या, त्यांनी शहरे वसवली. ज्यांना त्या ओळखता आल्या नाहीत, त्यांनी केवळ किल्ले बांधले.

घाट आणि पेठ

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोकणातून चढून येणारी ही वाट खडकात पायऱ्या कोरून व फरसबंदी करून तयार केलेली असून तिच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे. यज्ञयागांत दान केलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे यांची त्यात मोजदाद आहे, आणि भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्या आकड्यांना मानाचे स्थान आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमाही तेथे कोरल्या होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सातवाहनांनी आपले वैभव कोरून ठेवले ते एखाद्या राजप्रासादाच्या भिंतीवर नव्हे, तर घाटमाथ्यावर, जेथून व्यापाऱ्यांचा प्रत्येक तांडा जाणार होता, तेथे. घाटाच्या तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते.

या घाटाने जुन्नर घडवले. कल्याण आणि सोपारा ही बंदरे खाली, पैठण व तेर ही पठारावरची उत्पादनकेंद्रे पूर्वेकडे, आणि मध्ये घाट चढून आल्यावरचा पहिला सुपीक टापू तो जुन्नरचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याची नोंद आहे. या नगरांतून रत्नखडे आणि सुती कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, बंदराकडे जात असे, असेही तो ग्रंथ सांगतो. अशा वाहतुकीला ठिकठिकाणी विसावा, पाणी, धान्य आणि संरक्षण लागते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या दोनशेहून अधिक लेण्यांचा, तसेच जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी या दुर्गांच्या साखळीचा अर्थ या वाटेच्या संदर्भातच लागतो.

लेणी व्यापारी मार्गांच्या कडेने का सापडतात, याचा विचार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केला. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी बोरघाटाच्या वाटेशेजारी असणे हा योगायोग नव्हे. जुन्नरच्या शिलालेखांत दाते म्हणून केवळ राजे आणि भिक्षू येत नाहीत. बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेखही त्यांत येतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांच्या लेण्याबरोबरच एक ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख आहे. करंज आणि वड यांची झाडे लावण्याच्या खर्चासाठी जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे ठेवल्याचीही नोंद आहे. शहराच्या बाजारात मिळवलेल्या पैशाचा काही भाग शहराबाहेरच्या वाटेवर, पाण्यावर आणि सावलीवर खर्च होत होता, हे या चार-दोन ओळींवरून स्पष्ट होते. त्यात धर्मबुद्धी होती, तशीच व्यवहारबुद्धीही होती. कारण वाट बंद पडली, तर पेठही बंद पडणार, हे त्या व्यापाऱ्यांना नक्कीच ठाऊक होते.

पुढील शतकांतही हे नाते टिकून राहिले. कल्याणला नाणेघाट, चौलला बोरघाट, महाडला वरंधा आणि पार, दाभोळ-चिपळूणला कुंभार्ली असे बंदरांना त्यांचे घाट होते, आणि घाटमाथ्यापलीकडे जुन्नर, पुणे, वाई, कऱ्हाड अशी त्यांची गावे होती. खाडी गाळाने भरली, की बंदर मागे पडे. बंदर मागे पडले, की घाट सुना होई. आणि घाट सुना झाला, की पेठेतील दुकानांच्या फळ्या लागत. सत्तांतरांच्या हकिगतींत न सापडणारी गावांच्या चढ-उताराची कारणे पुष्कळदा या साखळीत सापडतात.

डोंगराच्या पोटातले पाणी

पाण्याची अट किती कठोर असते, याचे उत्तर देवगिरीच्या परिसरात मिळते. यादवांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी केलेला हा सुळका दुर्ग म्हणून अजोड होता. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवण्याचा घाट घातला आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. गडाच्या परिसरातील हत्ती हौद आणि खापरी नळांचे अवशेष पाहिले, म्हणजे तेथील स्थपतींनी डोंगरातले पाणी अडवण्यात व वाहून आणण्यात किती कौशल्य दाखवले होते, हे कळते. पण वेढ्याला तोंड देण्यासाठी निवडलेली जागा आणि लाखाची वस्ती पोसण्यासाठी लागणारी जागा या एक नव्हेत. गडाला कडा लागतो. शहराला मैदान, उतार आणि बारमाही पाणी लागते.

हा फरक ज्याने नेमका हेरला, तो मलिक अंबर होय. हबशी गुलाम म्हणून या देशात आलेल्या आणि निजामशाहीचा कर्ता वजीर झालेल्या या पुरुषाने १६१० साली दौलताबादच्या आग्नेयेस काही कोसांवर, खाम नदीच्या खोऱ्यात, खडकी नावाच्या गावी नवे शहर वसवले. नावावरूनच जागेची प्रकृती समजते. उत्तरेस आणि दक्षिणेस डोंगर, मध्ये रुंद खोरे आणि नदी उन्हाळ्यात आटणारी. अशा ठिकाणी राजधानीस पाणी पुरवावयाचे तर ते नदीत न शोधता डोंगराच्या उतारात शोधले पाहिजे, हे त्याने ओळखले. उत्तरेकडील खोऱ्यांत जमिनीखाली मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात झिरपू द्यावे, ठराविक अंतरावर विहिरीसारखी मनुष्यद्वारे ठेवावीत, बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यावा आणि केवळ गुरुत्वाच्या बळावर ते पाणी शहरात आणावे, अशी ही रचना होती. नहर-ए-अंबरी ती हीच. इराणातील कनात पद्धतीशी तिचे नाते स्पष्ट आहे. पण ती दख्खनच्या मुरूम-पाषाणात बसवण्याचे काम येथील भूमी वाचल्याखेरीज झाले नसते. शहरात शिरल्यावर पाणी मातीच्या नळांतून उंच मनोऱ्यांत चढवले जाई. नळांतील हवा तेथे निघून जाई आणि दाब आवरला जाई. अठराव्या शतकातील पाणचक्कीत याच तत्त्वाने आणलेल्या पाण्याने जाते फिरवले आणि दर्ग्याच्या आश्रितांसाठी धान्य दळले.

त्याच दशकात तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याच्या आमदानीत अशीच योजना उभी राहिली. सातपुड्याच्या उतारावरून येणारे पाणी जमिनीखालून नेणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या तेथे आजही ओळीने दिसतात. दोन शत्रुराज्ये एकाच भूगोलापुढे उभी राहिली आणि दोघांनाही सारखेच उत्तर सुचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मलिक अंबराचे दुसरे मोठे कार्य म्हणजे त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था. जमिनीचा कस पाहून सारा ठरवणाऱ्या या पद्धतीची आठवण दख्खनच्या रयतेत दीर्घकाळ टिकली. नहरीचा कर्ता आणि धाऱ्याचा कर्ता एकच असावा, यात विसंगती नाही. शहराचे पाणी डोंगरावर अवलंबून आणि शहराचा खजिना शेतावर अवलंबून, हे ज्याला समजले, त्याच्या दृष्टीने राजधानी आणि परगणा ही दोन वेगळी खाती नव्हतीच. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत या शहराचे औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नावे बदलली, सत्ता बदलल्या, पण दीर्घकाळ पाणी मात्र त्याच उतारावरून येत राहिले.

कात्रजचा उच्छ्वास

पुण्याची गोष्टही याच जातीची. मुळा-मुठेच्या संगमाजवळचा हा कसबा मावळ खोऱ्यांच्या तोंडाशी आहे. घाट उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या वाटा येथे मिळतात. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि पुण्यास राजकारणाचे केंद्र म्हणून महत्त्व आले. वस्ती वाढली, पेठा वसल्या आणि आडांचे पाणी पुरेना. तेव्हा बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या डोंगरउतारावर बंधारे घालून तलाव करण्यात आला आणि तेथून दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने पाणी शहरात आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी उभारलेल्या द्वारांना ‘उच्छ्वास’ असे अन्वर्थक नाव होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा हौदांतून ते पाणी पेठांना मिळे. जमीन जशी उतरते तसे पाणी वाहावे, एवढ्याच तत्त्वावर हे सारे चालत असे.

याच डोंगरातून आंबील ओढा निघतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवण्यात आला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले आणि तळ्यातल्या बेटावर गणपती बसला. पुढे ते तळे बुजले आणि तेथे बाग झाली. ओढ्याच्या काठाने वसाहती चढत गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात मुसळधार पाऊस झाला आणि ओढ्याने आपली जुनी हद्द मागितली. घरांच्या भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली आणि माणसे बळी पडली. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या उताराचा अभ्यास करून शहराला पाणी दिले गेले, तोच उतार नव्या शहराच्या नकाशात केवळ रिकाम्या जागेसारखा दिसला, ही या दुर्घटनेमागची खरी चूक होय.

पुण्याने पाण्याचा याहून मोठा कोप १२ जुलै १९६१ रोजी पाहिला होता. पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, त्या लोंढ्याने १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे धरण खचले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर नळ कोरडे पडले, तेव्हा अनेक पुणेकरांची तहान जुन्या आडांनी आणि हौदांनी भागवली. टाकाऊ समजल्या गेलेल्या व्यवस्थेने आपला उपयोग असा आणीबाणीत सिद्ध केला.

हौद कोणाचा?

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील अन्यायावर पांघरूण घालणे इष्ट नव्हे. नहरीचे पाणी प्रथम महालात आणि हवेलीत जाई. कात्रजचे पाणी प्रथम वाड्यांच्या कारंज्यांकडे वळे. शहराच्या बाहेर ज्यांची वस्ती ठेवली गेली होती, त्यांना तर सार्वजनिक हौदाच्या काठालाही हात लावता येत नसे. कोसांवरून जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या असलेल्या शहराला चार पावलांवरच्या माणसापर्यंत ते पोहोचवण्याची बुद्धी झाली नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा पाणी कोणाचे हा प्रश्न प्रथम उघडपणे पुण्याच्या दारात उभा राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर तोच प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवला. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचे, घाटांच्या पायथ्याचे जुने व्यापारी गाव. तेथे परमुलखातील मालाला वाट होती. पण गावच्याच माणसाला तळ्याची वाट बंद होती. बंधारे आणि नळ यांचा इतिहास हा म्हणूनच केवळ स्थापत्याचा इतिहास नाही. पाणी कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले, याचा हिशेबही त्यात असतो.

लोखंडी घाट

एकोणिसाव्या शतकात या भूगोलाच्या अटीच बदलल्या. १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांची जागा गाड्या घेऊ लागल्या. १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि दहा वर्षांनी, १८६३ साली, ती बोरघाट चढली. सुमारे सोळा मैलांच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठणाऱ्या या मार्गावर पंचवीस बोगदे खणावे लागले. ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर या कामावर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही बोगद्यावर कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने हे काम पुढे नेले. १८६५ मध्ये थळघाटही जोडला गेला आणि १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोहोचली.

परिणाम दूरगामी झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासत असतानाच वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी होत होती. अनेक बंदरे, अनेक घाट आणि अनेक पेठा ही शतकांची रचना मोडून एक बंदर, दोन घाट आणि त्यांतून फुटलेले रूळ अशी नवी रचना झाली. भुसावळ, मनमाड आणि दौंड या गावांना जंक्शन म्हणून महत्त्व आले. कल्याण पुन्हा सावरले, कारण दोन्ही घाटांचे फाटे तेथे फुटतात. जुन्नर आणि पैठण यांना मात्र रूळ शिवले नाहीत. एकेकाळची ही नगरे तालुक्याची गावे होऊन राहिली. नाणेघाटातल्या पायऱ्यांवर गवत वाढले. कोणत्याही सैन्याने ही नगरे लुटून उद्ध्वस्त केली नव्हती. त्यांच्या भोवतीची वाट काय ती दुसरीकडे वळली होती.

उताराविरुद्ध वाहणारे पाणी

वाटेप्रमाणेच पाण्याचेही झाले. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईस आले, त्यानंतर तुळशी, आणि १८९२ मध्ये तानसा. पुढे शहर वैतरणा आणि भातसा या नद्यांपर्यंत पोहोचले. जलवाहिन्या लांबत गेल्या तसतसे शहर आणि त्याच्या पाण्याचा डोंगर यांतील नाते नजरेआड झाले. तानसा आणि भातसा ही जलाशये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. महानगराची तहान भागवणाऱ्या याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. रांजण भरणाऱ्याचीच ओंजळ रिकामी राहावी, याला केवळ निसर्ग जबाबदार आहे, असे म्हणता येणार नाही.

पठारावर याहून अर्थपूर्ण असे दुसरे चित्र दिसते. जायकवाडी धरण १९७६ साली पैठणजवळ पूर्ण झाले. सातवाहनांच्या ज्या नगरातून माल घाटाकडे जात असे, त्या नगराच्या उशाशी अडवलेले गोदावरीचे पाणी आज पंपांनी शंभराहून अधिक मीटर उचलून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर अंतरावरून छत्रपती संभाजीनगरास आणले जाते. मलिक अंबराने ज्या खोऱ्यात केवळ उताराच्या बळावर पाणी खेळवले, तेथे आता विजेच्या बळावर ते चढवावे लागते. लोकसंख्येचा विचार करता जुन्या नहरी आजच्या शहराला पुरणार नाहीत, हे उघड आहे, आणि धरण नसावे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु नहरींच्या मार्गावर घरे आणि रस्ते चढले, मनुष्यद्वारे बुजली आणि पाणी मुरवणाऱ्या उतारांवर वसाहती झाल्या, याचे समर्थन लोकसंख्येच्या आकड्यांनी होत नाही. वीज गेली, पंप बिघडला अथवा धरणात पाणी कमी आले, की घरोघरी कोरडे पडणारे नळ या विस्मृतीची किंमत दाखवून देतात.

गुरुत्वाच्या जुन्या नियमाने शहरावर एक बंधन घातले होते. आपल्याहून उंच असलेल्या डोंगराची निगा राखल्याखेरीज शहराला पाणी मिळत नसे; ओढा स्वच्छ ठेवल्याखेरीज हौद स्वच्छ राहत नसे; घाटातील पायऱ्या आणि टाकी दुरुस्त ठेवल्याखेरीज तांडे येत नसत. पंप, धरण आणि आगगाडी यांनी हे बंधन सोडवले. त्यामुळे शहरे वाढली, दुष्काळात धान्य हलवता आले, पटकीसारखे रोग हटले. हे लाभ थोडे नाहीत. मात्र बंधन सुटले म्हणजे ऋण फिटले, असा समज शहरांनी करून घेतला आणि तो चुकीचा आहे.

नकाशाची हद्द

हा विषय केवळ इतिहासाच्या जिज्ञासेचा नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग पूर्ण झाला. मराठवाड्यातून निघून, इगतपुरीजवळ लांब बोगद्यातून सह्याद्री ओलांडून, शहापूरच्या मुलखातून कल्याण-भिवंडीच्या परिसरात उतरणारी ही वाट दिशेने पाहता पैठण-कल्याणच्या प्राचीन मार्गाची आठवण करून देते. तिच्या दुतर्फा नवी केंद्रे उभी राहतील आणि काही जुन्या पेठा मागे पडतील, हे इतिहासाच्या अनुभवावरून सांगता येते. ती केंद्रे कोणत्या ओढ्यांवर, कोणत्या झऱ्यांच्या तोंडाशी आणि कोणाच्या शेतात वसणार, हा प्रश्न आजच विचारावयास हवा. रूळ टाकताना जुन्नर-पैठणचा विचार कोणी केला नव्हता. तेव्हा निदान परकी सत्तेकडे बोट दाखवता येत होते. आता ती सोय उरलेली नाही.

शहरांच्या विकास आराखड्यांची हद्द बहुधा नगरपालिकेच्या सीमेशी संपते. पाण्याची, वाऱ्याची आणि वाटेची हद्द मात्र तेथे संपत नाही. कात्रजचा डोंगर, खामचे खोरे आणि शहापूरचे रान हे ज्या नकाशात नाहीत, तो नकाशा त्या-त्या शहराचा पुरा नकाशाच नव्हे. शहराच्या पाणीपट्टीतील काही वाटा पाणी देणाऱ्या मुलखाच्या पाण्यासाठी राखून ठेवणे, ओढ्यांच्या व झऱ्यांच्या जागा मोजून त्या बांधकामापासून मुक्त ठेवणे, आणि जुन्या नहरी-हौदांकडे पडकी वास्तू म्हणून न पाहता पाणी मुरवण्याचे व साठवण्याचे चालते साधन म्हणून पाहणे, या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. शाळा-महाविद्यालयांना तर याहून सोपे काम करता येण्यासारखे आहे. सहलीला निघालेल्या विद्यार्थ्यांना वाडा दाखवताना त्या वाड्याचे पाणी जेथून येत असे, तो डोंगरही एकदा दाखवावा.

नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण आज रिकामा आहे. त्यात पडलेल्या जकातीतून राजाने किती घेतले, हे कोणास सांगता येणार नाही. पण ज्या पेठेकडे ती वाट जात होती, तेथील धान्यव्यापाऱ्यांनी आपल्या मिळकतीतून डोंगरात पाण्याचे टाके खोदून दिले, एवढे दगडावर लिहून ठेवलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान नगराने आपल्या मुलखाला जे परत दिले, तितके तरी आजच्या महानगरांनी परत द्यावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.